३५० च्या टाकीत ३६२ लिटर कसं? गाडीमालक भाऊंना आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत: ‘टाकीवर ३५० लिटर छापलंय, बिल ३६२ चं. १,२०० किलोमीटरला साडेतीनचं ॲव्हरेज ३.३ वर आलं. ड्रायव्हर आणि पंपवाले मिळून डिझेल खातात. वरून अर्धा तास लाईन.’ पंपावर शंका घेतलीत, तो तुमचा हक्क आहे. पण ड्रायव्हरला चोर ठरवलंत ते मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

टाकीवर छापलेला आकडा म्हणजे काठोकाठचं माप नव्हे. डिझेल तापून फुगतं, त्यासाठी कंपनी वर जागा सोडते. शिवाय झाकणाखालचा गळा असतोच. नोझल आपोआप बंद होतं (त्याला आम्ही ‘कट’ म्हणतो) तिथं थांबणं आणि गळ्यापर्यंत भरणं, यात मोठ्या टाकीला वीसेक लिटरचा फरक सहज पडतो. त्या रात्री आमच्या पोरानं पहिल्या कटलाच नोझल काढलं होतं. ‘मालकानं गळ्यापर्यंत सांगितलंय’ असं ड्रायव्हर म्हणाला, तेव्हा फेस बसू दिला आणि थोडं थोडं करत वरचं डिझेल टाकलं. हे सगळं मी कॅमेऱ्यात पाहिलं. मीटर झिरोवरून सुरू झाला आणि ३६२ लिटर तुमच्याच टाकीत गेले.

आता ॲव्हरेज. तुम्ही टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल हिशेब धरता, बहुतेक मालक तसाच धरतात. पण दोन्ही वेळा एकाच खुणेपर्यंत भरलं तरच तो जुळतो. मागच्या पंपावर कटला थांबले आणि इथं गळ्यापर्यंत भरलं, तर वरचे २० लिटर या फेरीच्या नावावर चढतात. ते जळालेले नसतात, टाकीतच असतात. ३६२ मधून २० वजा करा: ३४२ लिटरला १,२०० किलोमीटर, म्हणजे तुमचं साडेतीनच. मागच्या वेळी कुठवर भरलं होतं, ते ड्रायव्हरला शांतपणे विचारा. गाडी जराशी तिरपी उभी असली तरी चार-पाच लिटर इकडचे तिकडे होतात.

आणि कळकळीनं सांगतो, उन्हाळ्यात गळ्यापर्यंत भरायला लावूच नका. जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल थंड असतं. शंभर लिटर डिझेल दहा अंशांनी तापलं की जवळपास ८०० मिली फुगतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आपल्या इकडे गाडी उन्हात उभी राहिली, तर तुमच्याच पैशाचं डिझेल झाकणातून रस्त्यावर येतं आणि मागून येणाऱ्या गावातल्या मोटरसायकली त्यावर घसरतात.

मापाची शंका असेल तर टाकीवरून नाही, मापानं सोडवा. वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर ठेवलेलं असतं. कोणीही मागावं, आम्ही समोर भरून दाखवतो. पाच लिटरला २५ मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही. मशीनची दरवर्षी तपासणी होऊन सील लागतं. डिझेलची घनताही रोज सकाळी मोजून, १५ अंश तापमानाच्या हिशेबात आणून नोंदतो. टँकरच्या चलनावरच्या आकड्यापासून घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त हलली, तर ते डिझेल विकता येत नाही. नोंदवही मागा, दाखवू.

लाईनचं म्हणाल तर ती असते. आमचा पंप हिंगणघाटच्या पुढे, ४४ नंबरच्या हायवेवर. तेलंगणात डिझेल महाग, म्हणून हैदराबादकडे जाणारा प्रत्येक जण पांढरकवड्याच्या आत टाकी फुल्ल करून घेतो. त्यात कापसाचा हंगाम असला की जिनिंगच्या गाड्या येतात. एकेका ट्रेलरला तीन-चारशे लिटर, शेवटचे काही लिटर फेस बसेपर्यंत थांबून. घाई केली तर सांडतं, म्हणून पोरांना घाई करू नका असं मीच सांगून ठेवलंय.

हा ड्रायव्हर बिल घेतल्याशिवाय हलला नाही, गाडी नंबर बरोबर आहे का तेही त्यानं तपासलं. झाकण त्यानंच उघडलं, त्यानंच लावलं. या २० लिटरचे पैसे त्याच्या पगारातून कापणार असाल, तर आधी पुढची एक फेरी फक्त कटपर्यंत भरून ॲव्हरेज बघा. आणि गाडी परत या रस्त्यानं आली की त्याला आमच्याकडे माप मागायला सांगा. मापात भरलेलं डिझेल त्याच्याच टाकीत ओततो, तपासणीचे वेगळे पैसे घेत नाही.