नुसतं ठाम रहा म्हणून भागत नाही

लेखात म्हटलंय की मोठ्या रिटेलरसमोर छोट्या सप्लायरने भावावर ठाम रहावं. पटतं, पण ठाम रहायला पायाखाली जमीन लागते हो. आमचा निम्म्याहून जास्त माल एकाच चेनला जायचा आणि त्यांच्या परचेसवाल्याला हे आमच्याइतकंच नीट माहीत होतं, त्याने फक्त कॅल्क्युलेटर आमच्याकडे सरकवला आणि म्हणाला ५ टक्के कमी करा, नाहीतर दुसरा तयार आहे. आता १० टक्के मार्जिनवर ५ टक्के सोडले की नफा सरळ अर्धा होतो, तेवढाच कमवायला माल दुप्पट विकावा लागतो, हे गणित घरी आल्यावर केलं, तिथेच करायला हवं होतं.

आणि भाव हा तर फक्त दिसणारा भाग. खरी कात्री नंतर लागते, ९० दिवसांचं पेमेंट, गिऱ्हाईकांना दिलेल्या सवलतीच्या स्कीमचा खर्च आमच्या माथी, न खपलेला माल परत, माल पोचायला उशीर झाला की डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापले. हे सगळं वजा करून हातात किती पडतं तो खरा रेट, बाकी कागदावरचा आकडा. म्हणून भाव कमी करायचाच असेल तर बदल्यात काहीतरी मागा, पेमेंट ३० दिवसांत किंवा क्वांटिटीची लेखी हमी, फुकट एक टक्का पण देऊ नका. आणि बोलणी सुरू व्हायच्या आधी दोन-तीन छोटी गिऱ्हाईकं बांधून ठेवा, आम्हाला त्यात दीड वर्ष गेलं पण पुढच्या मीटिंगला मी पहिल्यांदा नाही म्हणू शकलो.