मेलेला माणूस उठला म्हटल्यावर आपण काय बोलतो

ऑफिसातल्या मित्राचे वडील गेले तेव्हा दफनाला गेलो होतो. फादरनी कबरीपाशी उभं राहून बायबलमधला, पौल या पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकाच्या पत्रातला तो उतारा वाचला, अरे मरणा तुझी नांगी कोठे, आणि मला एकदम वाटलं की काय जबरदस्त शब्द आहे, नांगी, विंचवाला असते तशी. मग माती टाकली, फुलं टाकली, आणि येताना गाडीत आम्ही पाच जण. दहा मिनिटं कोणीच बोललं नाही. मग एक जण म्हणाला, म्हणजे पुनर्जन्मच मानतात की हे लोक. दुसरा म्हणाला अरे नाही, आत्मा अमर असतो असं म्हणायचंय त्यांना. तिसरी म्हणाली ते सगळं प्रतीक असतं रे, सीरियसली नसतं घ्यायचं. चौथ्याने झोंबीचा जोक मारला आणि स्वतःच ओशाळला. आणि मी, जो स्वतःला वाचणारा बिचणारा समजतो, मी म्हणालो की शेवटी प्रत्येकाची श्रद्धा. हे वाक्य म्हणजे विषय बंद करायचं झाकण आहे, दुसरं काही नाही.

तेव्हापासून हे डोक्यात आहे. मी ख्रिस्ती नाही, येशू मेलेल्यांतून उठला हे मला पटत नाही, ते आधीच सांगून टाकतो म्हणजे खाली कोणी मला बाटलेला म्हणायला नको. पण आपण, म्हणजे न मानणारे, आणि खरं तर मानणारेसुद्धा, या गोष्टीला ज्या पद्धतीने उत्तर देतो ना, त्यातली बरीचशी उत्तरं मला आता ऐकवत नाहीत.

पहिलं म्हणजे शब्दांची भेळ. पुनर्जन्म म्हणजे तोच जीव नवीन शरीरात. अमर आत्मा म्हणजे शरीर गेलं तरी आतला कोणीतरी उरतो. पुनरुत्थान यातलं काहीच नाही. त्यात दावा असा आहे की जो माणूस मेला, पूर्ण मेला, तोच शरीरासकट उठला आणि परत मरणार नाही. लाजर पण उठला होता की, येशूनेच त्याला कबरीतून उठवलं, चार दिवसांनी, पण लाजर पुढे कधीतरी परत मेलाच असणार, त्याला नुसती मुदतवाढ मिळाली. येशूच्या बाबतीत ख्रिस्ती लोक मुदतवाढ म्हणत नाहीत. आणि तो एकटाच उठला असंही नाही, तो पहिला, बाकीचे सगळे शेवटी त्याच्यामागून उठणार, असा तो विश्वास आहे. पौल बी आणि रोपाचं उदाहरण देतो, पेरतो ते एक आणि उगवतं ते वेगळंच, तरी दोघांचा संबंध तुटत नाही. पटो न पटो, निदान काय म्हणतायत ते तरी नीट ऐकावं.

आणि मजा म्हणजे आमच्या गाडीतलं सगळं आधीच होऊन गेलंय. पौल अथेन्सला गेला, तिथे विचारवंत मंडळी जमली, सगळं ऐकून घेत होती, आणि मेलेल्यांचं उठणं आलं तिथे बैठक फुटली. काही जण हसले. काही म्हणाले याविषयी तुझं परत कधीतरी ऐकू. आणि थोडेसे त्याच्याबरोबर गेले. ते जे मधले आहेत ना, परत कधीतरी ऐकू वाले, तो मी, गाडीत मागच्या सीटवर खिडकीशी बसलेला. आणि जे हसले त्यांचंही काही अगदी चुकलं नव्हतं, कारण तिथल्या बऱ्याच शिकलेल्या लोकांच्या मते शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग, त्यातून सुटायचं तर हा बाबा सांगतोय की सुटून परत तुरुंगातच यायचं. पुढे फेस्त नावाच्या रोमन अधिकाऱ्यासमोर पौल हेच बोलला तर तो भर दरबारात ओरडला की तुला वेड लागलंय, जास्त शिकून डोकं फिरलंय तुझं.

झोंबी जोकवाल्यालाही पूर्वज आहेत. सदूकी, म्हणजे त्या काळचा ज्यूंमधला एक पंथ, पुनरुत्थान मानत नव्हते, त्यांनी येशूलाच कोडं घातलं, एका बाईचं लग्न एकामागून एक सात भावांशी झालं, सातही मेले, मग ती पण मेली, आता उठल्यावर ती कोणाची बायको? हा प्रश्न नव्हताच, टोमणा होता. आजचे मीम त्यापुढे बरेच फिके आहेत.

पण मला सगळ्यात जास्त अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीने. पहिले न मानणारे कोण होते तर येशूचे स्वतःचे शिष्य. बायका कबरीवरून पळत आल्या आणि सांगायला लागल्या, तर लूक (येशूची चार शुभवर्तमानं म्हणजे चरित्रं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाची) सरळ लिहितो की शिष्यांना त्या बायकांचं बोलणं बडबड वाटलं. मत्तयाच्या शेवटी उठलेला येशू समोर उभा आहे, लोक नमन करतायत, आणि मधेच एक वाक्य, कित्येकांना संशय आला. समोर उभा असताना! कबरीवर आलेल्या मग्दालिया मरियेला तो माळी वाटतो. अम्माऊस नावाच्या गावाच्या रस्त्यावर दोघं जण कित्येक मैल त्याच्याबरोबर चालतात आणि ओळखत नाहीत. आणि मार्कचं शुभवर्तमान तर चौथ्या शतकातल्या ज्या दोन नावाजलेल्या प्रती आहेत, सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस, त्यात संपतंच असं की बायका थरथरत पळाल्या आणि भीतीने कोणाला काही बोलल्या नाहीत. बस, संपलं. पुढची बारा वचनं त्या दोन्हीत नाहीत. मला जर अशी गोष्ट रचायची असती आणि लोकांनी ती मानावी असं वाटत असतं तर मी ती अशी रचली नसती, शिष्यांना तरी नक्कीच लगेच मानायला लावलं असतं. यावरून ते घडलंच असं सिद्ध होत नाही हं, लगेच उड्या मारू नका. पण संशय हा बाहेरच्यांनी येऊन घातलेला खोडा आहे असं जे मानणारे लोक समजतात ते त्यांच्याच ग्रंथाला धरून नाही.

हुशार आक्षेपही जुनेच. दुसऱ्या शतकात केल्सस नावाचा एक कडवा टीकाकार होऊन गेला, साधारण १७८ च्या सुमारास त्याने लिहिलं. मूळ पुस्तक उरलं नाही पण ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने त्याला उत्तर देताना त्याची वाक्यं उतरवून घेतली म्हणून आपल्याला कळतं (विरोधकाला इतकं नीट उद्धृत करायची पद्धत आता राहिली नाही). केल्सस म्हणतो, पाहिलं कोणी, तर एका भ्रमिष्ट बाईने आणि तसल्याच आणखी कोणी. आणि उठलाच होता तर ज्यांनी मारलं त्यांना, ज्या न्यायाधीशाने शिक्षा दिली त्याला का नाही दिसला? हा दुसरा प्रश्न मला अजूनही भारी वाटतो. पहिल्यात मात्र नुसता बाईमाणसाचा तिरस्कार आहे.

मग बाकीची स्पष्टीकरणं. प्रेत चोरलं हे तर मत्तयानेच नोंदवलंय, की अशी गोष्ट लोकांत पसरली आहे म्हणून. मग मूर्च्छेची थिअरी, म्हणजे तो मेलाच नव्हता, थंड कबरीत शुद्धीवर आला, १८०० च्या आसपास जर्मन अभ्यासकांत ती बरीच चालली. तिची वाट कोणी लावली तर डेव्हिड स्ट्राउसने, जो स्वतः पुनरुत्थान मानत नव्हता. तो म्हणाला, अर्धमेला, मलमपट्टीची गरज असलेला माणूस सरपटत बाहेर आला तर त्याला बघून कोणाला वाटेल का की याने मरणावर विजय मिळवला? कीव येईल त्याची. मला हा माणूस आवडतो. स्वतःच्या बाजूचा असला तरी कच्चा युक्तिवाद चालवून घ्यायचा नाही.

त्याच्या वाट्याला काय आलं तेही ऐका. १८३५ मध्ये त्याने येशूच्या चरित्रावर पुस्तक काढलं, चमत्कार म्हणजे त्या समाजाच्या श्रद्धेतून तयार झालेल्या मिथककथा असं म्हणाला, नोकरी गेली. १८३९ मध्ये झुरिकच्या सरकारने त्याला प्राध्यापक नेमलं तर इतका गदारोळ झाला की एकही तास न घेता त्याला पेन्शनवर पाठवावं लागलं, आणि तेवढ्यानेही लोक शांत झाले नाहीत, त्याच सप्टेंबरात खेड्यापाड्यांतले लोक शहरावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसं मेली आणि सरकार पडलं. राग बाकीच्या कारणांचाही होता, पण ठिणगी ही. एका प्राध्यापकाच्या नेमणुकीवरून.

दुसऱ्या टोकाला थॉमस जेफरसन. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष राहिलेला माणूस, म्हातारपणी पातं घेऊन बसला आणि शुभवर्तमानांतून येशूची शिकवण तेवढी कापून वेगळी चिकटवली, चमत्कार वगळून. १८२० च्या सुमाराला पूर्ण केलं. त्याची प्रत संपते ती कबरीच्या तोंडाशी मोठी धोंड लोटली आणि लोक निघून गेले इथे. यात आरडाओरडा नाही, दंगल नाही. पण मला हे गाडीतल्या त्या प्रतीकवाल्या मैत्रिणीसारखंच वाटतं, की माणूस चांगला होता, बोलला छान, तेवढं ठेवू आणि अवघड आहे ते कापू.

आणि हेच मला सलतं. प्रतीक आहे, आशेचं प्रतीक आहे, वसंत ऋतूचं प्रतीक आहे. अहो, पौल स्वतः करिंथच्या लोकांना लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ, तुमचा विश्वास पोकळ, आणि आमच्याइतके कीव करण्यासारखे लोक दुसरे नाहीत. त्याने मागची वाट स्वतःच बंद करून घेतली. त्याला जाऊन सांगायचं का की साहेब तुम्ही रूपकात बोलत होतात? डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये तोंडावर सांगितलं की मेलेला उठला हे जास्त संभवनीय की सांगणारा फसला किंवा फसवतोय हे जास्त संभवनीय, तोलून बघा. मला ते तोलणं पटतं. पण त्यात समोरच्याचा दावा ऐकून घेतलेला आहे. पाठीवर थोपटणं नाहीये.

थोपटणारे ख्रिस्ती लोकांतही कमी नाहीत. २०१७ मध्ये बीबीसीने ब्रिटनमध्ये पाहणी करून घेतली होती, त्यात स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांपैकी सुमारे पाव लोक म्हणाले की आम्ही पुनरुत्थान मानत नाही. आणि याच्या अगदी उलटं उदाहरण म्हणजे पिन्चास लापीदे, कट्टर ज्यू अभ्यासक, १९७० च्या दशकात म्हणाला की येशू उठला हे घडलं असं मी मानतो, पण तो इस्राएलचा मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, होता हे मानत नाही, आणि मरेपर्यंत ज्यूच राहिला. दोन्ही बाजू वैतागल्या असणार त्याच्यावर. मला अशी माणसं आवडतात जी कोणाच्याच खणात नीट बसत नाहीत.

मानणाऱ्यांच्या एका प्रकाराबद्दल पण बोलायचंय, ते म्हणजे कोर्टात उभे असल्यासारखे पुरावे मांडणारे. पाचशे साक्षीदार होते, हे काढतातच. अरे पण ते पाचशे आपल्याला भेटतात ते पौलाच्या एका वाक्यात, त्यांची नावं नाहीत, जबान्या नाहीत. पौलाचं पत्र खूप लवकरचं आहे, साधारण पन्नासच्या दशकातलं, आणि त्यातले बरेचसे अजून जिवंत आहेत असं तो म्हणतो, हे वजनदार आहे, मान्य. पण म्हणून केस जिंकली असं नाचायचं कारण नाही. आणि दुसरे ते, जे कबरीपाशीच म्हणतात रडू नका, ते उठणारच आहेत. लाजराच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला की! दोन मिनिटांनी त्याला उठवणार होता तरी रडला.

आता मित्राचं. दोन-तीन महिन्यांनी आम्ही दोघंच होतो तेव्हा मी हे त्याच्याजवळ काढलं, गाडीतलं सगळं सांगितलं, झोंबीसकट. तो हसला. म्हणाला मला पण त्या दिवशी काही पटत नव्हतं, फादर वाचत होते आणि मी खड्ड्याच्या कडेची माती किती ओली आहे तेवढंच बघत होतो. मग थोमा या शिष्याचा विषय निघाला, येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा. मी जरा शायनिंग मारली, म्हटलं तुला माहितीये का, योहानात थोमाने हात लावला असं कुठेच नाहीये, येशू म्हणतो लाव, आणि हा नुसतं माझ्या प्रभू माझ्या देवा म्हणतो. ते बोट जखमेत खुपसलेलं कॅराव्हाज्जियोच्या चित्रातलं आहे, तेच लोकांच्या डोक्यात बसलंय.

तो म्हणाला, पण जखमा होत्या ना, उठल्यावर पण. म्हटलं हो, होत्या.

मग बराच वेळ गप्प. त्याच्या वडिलांच्या उजव्या हाताचं एक बोट मशिनमध्ये गेलेलं होतं, तो लहान असताना. म्हणाला, मग बाबांचं बोट? ते असेल की नसेल?

आता हा प्रश्न पण सोळाशे वर्षं जुना आहे, ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने यावर खरंच लिहिलंय, कापलेली नखं, केस, तुटलेले अवयव सगळ्यावर, आणि तो म्हणतो की गेलेला अवयव परत मिळेल, हुतात्म्यांचे व्रण मात्र मानाची खूण म्हणून राहतील. मी ते त्याला सांगितलं, मला वाटलं बरं वाटेल.

तर म्हणाला, बोट परत आलं तर मला तो हात ओळखूच येणार नाही रे.