युनियन मोडली, मग पैसे गेले कुठे?

परवा आमच्या चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवर परत तेच सुरू झालं. कोणीतरी मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनच्या संपाचा फोटो टाकला आणि खाली दादाने लिहिलं की या मास्तरांच्या संघटना एकदाच्या मोडा, शाळांच्या बजेटचा प्रश्न आपोआप सुटेल. आईने ३१ वर्षं झेडपीच्या शाळेत काढलीत, तिने त्यावर अंगठा दिला, चुकून की मुद्दाम ते तिलाच माहीत.

दादा, मी राहतो तिथे हे करून झालंय. तिकडे टाइप करत बसलो तर भांडण होईल म्हणून इथे लिहितोय.

मॅडिसन, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी, फेब्रुवारी २०११. मी नुकताच इथे आलेलो. स्कॉट वॉकर नवीन गव्हर्नर, बजेटमध्ये खड्डा आहे म्हणून त्याने बिल आणलं, तेच पुढे ॲक्ट १० झालं. बाहेर बर्फ आणि कॅपिटलच्या, म्हणजे विधानभवनाच्या आत लोक फरशीवर झोपलेले, शिक्षक सिक लीव्ह टाकून मोर्चात त्यामुळे शाळा बंद. विरोधी पक्षाचे १४ सिनेटर कोरम होऊ नये म्हणून शेजारच्या इलिनॉयला पळाले. (आपलं गुवाहाटी त्यानंतर ११ वर्षांनी.) तरी मार्चमध्ये कायदा झालाच. आणि हे त्या राज्यात, जिथे १९५९ साली अमेरिकेत सगळ्यात आधी सरकारी कर्मचाऱ्यांना वाटाघाटीचा हक्क मिळाला होता!

कायद्यात काय होतं? युनियनने फक्त मूळ पगारावर बोलायचं, तेही महागाईच्या दरापर्यंत, त्याहून जास्त वाढ हवी तर जनतेचं मतदान घ्या. वर्गणी पगारातून कापायची नाही. दरवर्षी युनियनने स्वतःची निवडणूक घ्यायची आणि ती ज्यांच्या वतीने बोलते त्या एकूण कर्मचाऱ्यांपैकी ५१ टक्के मतं मिळवायची, म्हणजे जो घरी बसला त्याचं मत विरोधात धरलं. हा नियम आपल्या नगरसेवकांना लावला तर किती निवडून येतील सांगा. पोलीस आणि फायरब्रिगेडला मात्र सगळ्यातून सूट, का ते समजून घ्या.

आता बजेट. पेन्शनचा निम्मा हिस्सा शिक्षकाच्या पगारातून जायला लागला, साधारण ५.८ टक्के. इन्शुरन्सचा हप्ता किती कापायचा ते स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या मर्जीवर. म्हणजे डिस्ट्रिक्टचे पैसे वाचले, खरंच वाचले. बऱ्याच ठिकाणी आधी करारातच युनियनच्या ट्रस्टचा इन्शुरन्स बांधलेला असायचा, तो सोडून स्वस्तातला घेता आला, हे मला पटतं, ते आधीच व्हायला हवं होतं.

पण दादा, हिशोबाचं दुसरं पान कोणी दाखवत नाही. त्याच वर्षीच्या बजेटमध्ये राज्याने शाळांची मदत दोन वर्षांत मिळून जवळपास ७९ कोटी डॉलरने कापली, वर डिस्ट्रिक्टने मुलामागे किती पैसे उभे करायचे ती मर्यादाही ५.५ टक्क्यांनी खाली आणली. शिक्षकाच्या खिशातून आलं आणि राज्याच्या तिजोरीतून यायचं ते कमी झालं, वर्गात काय पोचलं?

पगार ठरवायची मोकळीक मिळाल्यावर चांगले शिक्षक जास्त देणाऱ्या डिस्ट्रिक्टकडे गेले, येलच्या बार्बरा बियासीने त्यावर अभ्यास केलाय. जिथे गेले तिथे फायदा, जिथून गेले त्यांचं काय? आणि तिच्याच दुसऱ्या अभ्यासात, जो तिने हेदर सार्सन्सबरोबर केलाय, असं दिसलं की पगार एकेकट्याने मागायचा झाल्यावर तरुण शिक्षिका त्याच कामाला पुरुषांपेक्षा मागे पडल्या, प्रिन्सिपल बाई असेल तिथे फरक कमी. हे वाचून मला आईच आठवली, तिने जन्मात साहेबापुढे जाऊन पगार वाढवा म्हटलं नसतं.

आणि आज? २०२४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये शाळांच्या पैशासाठी २४१ रेफरेंडम (शाळांसाठी जास्त कर द्यायचा का, यावर जनतेचं मतदान) झाले, हा विक्रम आहे. एकट्या मिलवॉकीत २५.२ कोटी डॉलरचा. आत्ताचा गव्हर्नर टोनी एव्हर्स स्वतः एकेकाळचा शिक्षक, त्याने २०२३ मध्ये व्हेटोच्या पेनने बिलातले थोडे आकडे आणि एक डॅश खोडून '२०२४-२५' चं '२४२५' केलं, म्हणजे मुलामागे पैसे उभे करायच्या त्या मर्यादेत ३२५ डॉलरची वार्षिक वाढ पुढची ४०० वर्षं! कोर्टानेही ते चालवून घेतलं. ज्या राज्याचा प्रश्न सुटलाय तिथे असली करामत लागते का?

युनियनवाले काही देव नव्हते, मान्य. पण आमच्या डिस्ट्रिक्टचा रेफरेंडम पास झालाय, डिसेंबरात प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येईल, त्यात शाळेची ओळ वेगळी असते. तिचा फोटो टाकतो ग्रुपवर, तेव्हा बोलू.