मायक्रोग्रीन्सचे ‘४० पट’ आणि त्यासोबतच्या थापा

मायक्रोग्रीन्सवरचा, म्हणजे बी पेरून आठ-दहा दिवसांत कापून खायच्या कोवळ्या रोपांवरचा, एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: या इवल्याशा रोपांत पूर्ण वाढलेल्या भाजीच्या ४० पट पोषण असतं, रोज चिमूटभर खाल्लं की पालेभाजीची गरज संपली, घरात असेल ते बी चालतं, कच्चं खा, धोका शून्य, एकदा पेरा आणि कापत राहा, पांढरी बुरशी दिसली तर व्हिनेगर फवारा. मला स्वतःला खिडकीत ट्रे लावायला आवडतात, त्यामुळे हा प्रकार वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मेसेज मात्र वाईट आहे.

आधी ते ‘४० पट’. आकडा हवेतून आलेला नाही. २०१२ मध्ये मेरीलँड विद्यापीठ आणि अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २५ प्रकारची मायक्रोग्रीन्स तपासली. मोजलं काय, तर क, ई आणि के जीवनसत्त्वं आणि कॅरोटिनॉइड्स (भाज्यांना पिवळा-केशरी रंग देणारी द्रव्यं). लोह, कॅल्शियम, प्रथिनं, तंतू यांचा त्यात विचारच नव्हता. त्यातला ४० हा आकडा लाल कोबीच्या रोपांचा, तोही फक्त ई जीवनसत्त्वापुरता. आता ई जीवनसत्त्वासाठी लाल कोबी कोण खातं? गड्ड्यात ते नावालाच असतं, आणि नगण्य गोष्टीची चाळीसपट करणं सोपं असतं. त्याच कोबीत क जीवनसत्त्व साधारण सहापट निघालं. तेही चांगलंच आहे, पण सहापटीवर मेसेज फिरत नाहीत. अंधारात वाढवलेले वाटाण्याचे पिवळे कोंब त्याच तपासणीत बरेच मागे होते. म्हणजे कोणतं बी आणि किती उजेड यावर सगळं अवलंबून आहे, आणि मेसेजने नेमकं तेच गाळलंय.

बरं, सहापट धरून चाला. एका वेळी ताटात पडतात साधारण १० ग्रॅम. क जीवनसत्त्वाच्या हिशेबात ते झाले ६० ग्रॅम कोबीएवढे. तंतूंच्या हिशेबात १० ग्रॅमचे १० ग्रॅमच. यावर पालेभाजी बंद करायची?

‘कुठलंही बी चालतं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण बाकीच्या थापांनी फार तर निराशा होईल, याने माणूस आजारी पडेल. शेतात पेरायला विकतात त्या बियाण्याला बऱ्याचदा थायरम किंवा कॅप्टनसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते कोणी खाऊ नये म्हणूनच त्याला गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग देतात. आठ-दहा दिवसांत रोप कापून खाणाऱ्याने असं बी हातातही घेऊ नये. धुऊन रंग गेला म्हणजे औषध गेलं असं समजू नका. दुसरी गोष्ट रोपाच्या जातीची. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा यांचे कोंब आणि पानं खायची नसतात, त्यांत विषारी अल्कलॉइड्स असू शकतात. ज्वारीच्या कोवळ्या रोपात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड हे विष सुटतं; कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ती यामुळेच. राजमा कच्चा विषारी, आणि मोड आल्याने तो निर्धोक होत नाही. मुळा, मोहरी, कोबी, राजगिरा, वाटाणा, सूर्यफूल हे सरळ मार्गाचे गडी. खाण्यासाठी म्हणून विकलेलं, कसलीही प्रक्रिया न केलेलं बी घ्या.

‘धोका शून्य’ म्हणणाऱ्यांनी २०११ चं जर्मनी आठवावं. मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय हा जंतू पसरला आणि ५० हून अधिक माणसं गेली. इथे मायक्रोग्रीन्सची बाजूही घ्यायला हवी: मोड दमट, बंद जागेत येतात आणि बी-मुळासकट खाल्ले जातात, मायक्रोग्रीन्स उजेडात, मोकळ्या हवेत वाढतात आणि मातीच्या वर कापली जातात. धोका कमी खरा, पण बियांवरच जंतू असले तर तो उरतोच. पाणी वरून मारण्याऐवजी खालच्या ट्रेमध्ये ओता, कात्री स्वच्छ ठेवा, कापलेलं फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा. गरोदर बाईने किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्याने शिजवूनच खावं. आणि वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्याने मायक्रोग्रीन्सचं रोजचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते या औषधाचा परिणाम कमी करतं.

कापत राहा, पुन्हा फुटेल? मुळा-मोहरीत नाही. आपण कापतो ते पहिल्या दोन पानांच्या खाली, आणि वाढीचा डोळा त्या पानांच्या मध्येच असतो. तो गेला की उरतो नुसता दांडा. वाटाण्याच्या खालच्या पेरावर डोळे राहतात, म्हणून तो पुन्हा येतो, पण दुसरी कापणी विरळ असते.

राहिली ती ‘बुरशी’. तिसऱ्या दिवशी मुळाभोवती जी पांढरी लव दिसते ती बहुतेक वेळा मुळाचीच केसं असतात. ती एकेका मुळाला चिकटून गोल उभी असतात, आणि पाण्याचा हलका फवारा मारला की लगेच चपटी होऊन दिसेनाशी होतात. खरी बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका रोपावरून दुसऱ्यावर जाते, मातीवर पसरते, फवाऱ्याने जात नाही आणि तिला कुबट वास येतो. केसांवर व्हिनेगर मारलंत तर धडधाकट रोपं करपतील. खरी बुरशी असेल तर ट्रे सरळ ओतून द्या, घासून धुवा आणि पुढच्या वेळी बी थोडं विरळ पेरा.