बेलोदेदिचच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या चार गोष्टी

रोमानियाचा बचावपटू मिओद्राग बेलोदेदिच याचं नाव निघालं की चार ठरलेली वाक्यं फिरू लागतात. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकणारा जगातला पहिला फुटबॉलपटू. पण दोन्ही वेळा पेनल्टीवर, म्हणजे नशिबानं. मधल्या काळात पैशासाठी देशाशी गद्दारी करून पळालेला. आणि १९९४ च्या विश्वचषकात रोमानियाला बुडवणारा. एका कौतुकाच्या बदल्यात तीन शिव्या, आणि गंमत म्हणजे ते कौतुकही धड बरोबर नाही.

इटलीचा साउल मालात्रासी १९६५ मध्ये विजेत्या इंटरच्या संघात होता आणि १९६९ मध्ये मिलानकडून त्यानं पुन्हा कप जिंकला. फक्त इंटरच्या अंतिम सामन्यात तो मैदानावर नव्हता. इंग्लंडचा गोलरक्षक जिमी रिमर १९६८ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या बाकावर बसून विजेता झाला, १९८२ मध्ये अॅस्टन व्हिलाकडून. तेव्हा क्विझवाल्यांनी वाक्य दुरुस्त करून घ्यावं: दोन वेगळ्या क्लबांकडून अंतिम सामना प्रत्यक्ष खेळून जिंकणारा पहिला. हा मान बेलोदेदिचचाच.

आता नशीब. ७ मे १९८६, सेव्हिल. त्याच्या स्टेआवा बुखारेस्टसमोर बार्सिलोना, सामना स्पेनमध्ये, म्हणजे प्रेक्षकही जवळपास सगळे त्यांचेच. जादा वेळ धरून १२० मिनिटं गोल नाही. मग स्टेआवाचा गोलरक्षक हेल्मुट डुकाडामनं ओळीनं चार पेनल्टी अडवल्या आणि इतिहासात त्याचं नाव लागलं, ते रास्तच आहे. पण चार पेनल्टी अडवण्याची वेळ येण्याआधी १२० मिनिटं गोल न खाता टिकावं लागतं, ते कोणी केलं? पाच वर्षांनी, २९ मे १९९१ ला बारीमध्ये रेड स्टार बेलग्रेडकडून समोर मार्सेय, म्हणजे पापँ, वॉडल, अबेदी पेले अशी आक्रमक फळी. पुन्हा १२० मिनिटं, पुन्हा शून्य. दोन्ही सामन्यांत बेलोदेदिच बचावफळीत पूर्ण वेळ होता. एकूण २४० मिनिटं आणि प्रतिस्पर्ध्यांचा गोल एकही नाही. बारीचा सामना कंटाळवाणा होता, हे मान्य. रेड स्टारनं मुद्दामच कोंडून ठेवलेला सामना होता तो. पण असं कोंडून ठेवायला मागे एक थंड डोक्याचा स्वीपर, म्हणजे बचावफळीच्या मागचा शेवटचा बचावपटू, लागतो. अंगावर धावून जाण्यापेक्षा आधीच जागेवर पोहोचणारा. रोमानियात त्याला ‘हरणी’ म्हणत, ते त्या चालीमुळे. आणि बारीत नशीब काढणाऱ्या त्या पेनल्टींपैकी तिसरी त्यानं स्वतः जाळ्यात घातली होती.

तो क्लब सोडून गेल्यावर स्टेआवा १९८९ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत आला आणि मिलानकडून ४-० हरला. गुलिटचे दोन, व्हॅन बास्टेनचे दोन. बेलोदेदिच असता तर जिंकले असते असं मी म्हणणार नाही. ते मिलान भलतंच होतं.

गद्दारीची गोष्ट जास्त चीड आणते. त्याचा जन्म १९६४ चा, सोकोल गावचा. गाव सीमेवरचं, पलीकडे युगोस्लाव्हिया, घर सर्बियन. लहानपणापासून तो रेड स्टारचा चाहता. १९८८ च्या अखेरीस तो सीमेपलीकडे गेला आणि परतलाच नाही. स्टेआवा हा सैन्याचा क्लब, त्यामुळे रोमानियाचा हुकूमशहा चाऊशेस्कू याच्या राजवटीनं त्याच्या गैरहजेरीत देशद्रोहाचा खटला चालवून १० वर्षांची शिक्षा ठोठावली. वर अधिकृत सामने खेळायला वर्षभराची बंदी. चोविशीतला, युरोपविजेता, मायदेशी लीगमध्ये न हरणाऱ्या संघातला खेळाडू हे सगळं पैशासाठी ओढवून घेईल? मग त्यानं थेट इटली गाठली असती, बेलग्रेड नव्हे. तिकडे जगणं सैल होतं आणि त्याला ते हवं होतं, यात लपवण्यासारखं काय आहे? दारं बंद ठेवणाऱ्या राज्याला बाहेर पडणारा प्रत्येक जण गद्दारच दिसतो. वर्षभरात, डिसेंबर १९८९ मध्ये, ती राजवटच कोसळली.

राहिलं १९९४. स्वीडनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी, अमेरिकेतलं स्टॅनफर्ड. शेवटची पेनल्टी बेलोदेदिचची, स्वीडनचा गोलरक्षक राव्हेलीनं अडवली, रोमानिया बाहेर. खरं आहे. पण त्याच शूटआउटमध्ये राव्हेलीनं आधी दान पेत्रेस्कूचीही अडवली होती. त्याहून आधी, समोर दहाच स्वीडिश खेळाडू असताना आणि रोमानिया २-१ नं पुढे असताना, ११५ व्या मिनिटाला गोलरक्षक प्रुनिया चेंडूसाठी बाहेर आला, त्याचा अंदाज चुकला आणि केनेट अँडरसननं डोक्यानं बरोबरी साधली. शेवटचा माणूस लक्षात राहतो, एवढाच बेलोदेदिचचा गुन्हा.

आणि ज्या सैन्याच्या क्लबानं त्याला गमावलं, त्याच स्टेआवानं १९९८ मध्ये त्याला परत घेतलं. दोन वर्षांनी युरो २००० ला रोमानियाच्या संघात तो होता. वय ३६.