पस्तीस अंशांचा फोन

पूर्वी वडिलांचं घड्याळ मुलाकडे जायचं, सासूच्या पाटल्या सुनेकडे. आता वारसा उलटा वाहतो. मुलगा नवा फोन घेतो आणि जुना आईच्या गळ्यात पडतो. पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्यांच्या ज्या आया जळगाव-भुसावळकडे राहतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या हातात ‘आता स्लो झालाय’ म्हणून मुलांनी काढून टाकलेले फोन आहेत. माझ्या वाट्याला आयफोन १३ आला. मुलाच्या मते जुनाट, माझ्या मते कोरा करकरीत, आणि सासूबाईंच्या मते, “दिसाले तं सारखाच दिसते. मंग बदलला काहून?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या अँड्रॉइडचं तसं उत्तम चाललं होतं. काच एका कोपऱ्यात तडकलेली होती, पण त्या कोपऱ्यात बघण्यासारखं काही नसायचंच. मुलगा म्हणाला, “आई, एकदा वापरून तर बघ. परत मागे जाणार नाहीस.”

ते अक्षरशः खरं ठरलं, कारण या फोनला मागे जायचं बटणच नाही. अँड्रॉइडवर खाली एक बाण असायचा. तो दाबला की माणूस होता तिथे परत यायचा. इतक्या वर्षांत माझ्या अंगठ्याला त्याची इतकी सवय झालेली की आयफोनवरही तो त्याच जागी जाऊन रिकामी काच दाबत बसे. मुलाने सांगितलं, डाव्या कडेवरून बोट आत ओढायचं. ते काही ॲपमध्ये चालतं. काहींमध्ये वर डाव्या कोपऱ्यात बारीक बाण असतो आणि तिथवर पोचायला अंगठा वीतभर लांब हवा. सासूबाई हिवाळाभर आमच्याकडे असतात. त्या माझ्या फोनवर कीर्तन लावायच्या, मध्येच बोट लागून कुठल्यातरी केसांच्या तेलाच्या जाहिरातीत शिरायच्या आणि मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. “महाराज कुठी गेले पाह्य बरं.” मी पिठाच्या हातांनी महाराजांना परत आणायची.

पण ही पुढची गोष्ट झाली. त्याआधी जुन्या फोनमधलं सामान नव्यात न्यायचं होतं. त्यासाठी ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचं ॲप आहे. नवा फोन एक आकडा दाखवतो, तो जुन्यात टाकायचा, मग दोघं आपसांत वायफाय जुळवतात आणि कामाला लागतात. घरातला राउटरसुद्धा लागत नाही. अट एकच. सामान पोचेपर्यंत जुन्या फोनवर ते ॲप उघडंच राहायला हवं. दुसरं काही उघडलं किंवा फोन आला, की सगळं मुसळ केरात.

फोन आला की! खान्देशात राहून, नातेवाइकांत लोकप्रिय असून, दोन तास फोन येणार नाही असं गृहीत धरणारं ॲप ज्यांनी बनवलं, त्यांना बहुधा मावशी नसावी.

मी देवघरासमोर पाट मांडला आणि त्यावर दोन्ही फोन चार्जरला लावून शेजारी शेजारी ठेवले. घरात फर्मान काढलं की कोणी हात लावायचा नाही. सगळे हळू आवाजात बोलू लागले. येणारा-जाणारा वाकून पट्टी किती सरकली ते बघे आणि पाय न वाजवता पुढे जाई. श्रावणात कानबाई-रानबाई या देवी बसवल्यावर घर जसं जपून वावरतं, अगदी तसं. पट्टी अर्ध्यावर आली आणि धुळ्याच्या मावशीचा फोन.

“काय करी राहिनी वं? बठ्ठा बरा शेतस ना?”

बठ्ठा बरा शेतस म्हटलं. फक्त ट्रान्सफर तेवढा बरा नव्हता. पुन्हा पहिल्यापासून. मग सोसायटीतल्या एकीचा फोन, हळदी-कुंकवाला कोणती साडी नेसतेस. पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर पट्टी जवळपास शेवटाला टेकली होती, घरात कोणी शिंकतही नव्हतं आणि तेवढ्यात मुलाचा फोन आला. “झालं का गं ट्रान्सफर?”

शेवटी रात्री दोन वाजता सगळं पार पडलं. त्या वेळी मावशीसुद्धा झोपते.

व्हॉट्सॲपची वेगळीच तऱ्हा. अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप आपला बॅकअप गूगल ड्राइव्हवर ठेवतं, आयफोनवरचं आयक्लाउडवर, आणि यांच्यातून विस्तव जात नाही. २०२२ पासून याच ॲपमधून गप्पा नेता येतात, पण त्यासाठी नवा फोन अगदी कोरा किंवा पुसून कोरा केलेला लागतो. मुलाने त्यात स्वतःचे ट्रेकचे फोटो राहू दिले होते, त्यामुळे आधी तो सह्याद्री पुसावा लागला. मात्र नंतर सगळं जसंच्या तसं आलं हे कबूल केलं पाहिजे. लग्नपत्रिका, पाककृती, केळीच्या पोषक गुणांवरचे निबंध आणि कित्येक वर्षांचे सगळे शुभ सकाळ सुखरूप पोचले. दुसऱ्याच दिवशी आयक्लाउड भरल्याचा निरोप आला. गूगल फुकटात १५ जीबी देतं, इथे ५. आमच्या भाचीच्या हळदीचे व्हिडिओच त्याहून जास्त आहेत.

सिमकार्डाचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की डोकं दुखतं. जुन्या फोनमध्ये दोन सिमं बसायची. या फोनच्या कप्प्यात एकच बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे न दिसणारं. कप्पा उघडायची सुई डब्यात नव्हतीच, म्हणून कानातल्या रिंगेच्या टोकाने उघडला. ई-सिमसाठी कंपनीने ईमेलवर क्यूआर कोड पाठवला आणि सांगितलं, फोनने स्कॅन करा. ईमेल फोनमध्ये. कोड फोनमध्ये. स्कॅन करायचा फोनने. मी फोन आरशासमोर धरलेला बघून यांनी न बोलता लॅपटॉप उघडून दिला.

बँकेला माहीत असलेला नंबर नेमका त्या न दिसणाऱ्या सिमचा. यूपीआय सुरू करताना आपल्याच सिमवरून बँकेकडे एक मेसेज जावा लागतो. अँड्रॉइडवर तो ॲप परस्पर पाठवतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. आयफोन कुठल्याच ॲपला असं परस्पर काही पाठवू देत नाही. तो अगम्य अक्षरांचा मेसेज आपल्यापुढे मांडतो आणि म्हणतो, पाठवायचा तर तूच पाठव. मी पाठवला. दुसऱ्या सिमवरून गेला. पुन्हा पाठवला. मग डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मग नवा पिन, आणि मग बँकेचं ॲप म्हणालं की फोन बदललाय, तेव्हा सुरुवातीला पाच हजारांच्या वर जाऊ देणार नाही. असोद्याची वांगी घ्यायला पाच हजार लागत नाहीत हे खरं. पण भाजीवाल्या ताईंसमोर मी जेव्हा प्रत्येक ॲपला कॅमेरा वापरू द्यायचा की नाही, लोकेशन बघू द्यायचं की नाही, याची उत्तरं देत उभी होते, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली आणि म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही आरामात या. तोवर मी दुसरं गिऱ्हाईक करते.”

तरीही मार्चपर्यंत आमचं बरं जमलं होतं. कॅमेरा तर असा की माझ्या कळण्याच्या भाकरीवरचे पापुद्रे मोजून घ्यावेत. मग ऊन तापायला लागलं.

या फोनच्या कंपनीने स्वच्छ लिहून ठेवलंय की तो शून्य ते पस्तीस अंश तापमानात वापरावा. पस्तीस! आमच्याकडे पस्तीस अंशांना लोक ‘आज जरा गार आहे’ म्हणतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास खेळतो. बंद करून नुसता ठेवायचा तर उणे वीस ते पंचेचाळीस अंश चालतं म्हणे. म्हणजे सायबेरियात हिवाळ्याचे बरेच दिवस तो नुसता ठेवता येईल, भुसावळला मे महिन्यात तेवढीही खात्री नाही.

मे महिन्यात आम्ही फैजपूरच्या बाजूला गावी जातो, बिबडे करायला. ज्यांनी बिबडे पाहिलेच नाहीत त्यांनी पापड म्हणून वेळ मारून नेऊ नये. ज्वारी भिजवून, दळून, लसूण, जिरं, तीळ आणि मिरची घालून मोठ्या पातेल्यात त्याचा घाटा शिजवायचा, आणि गरम असतानाच पाण्याचा हात लावून गच्चीवर थापायचा. त्यातला निम्मा घाटा कच्चं तेल घालून थापणाऱ्यांच्याच पोटात जातो. जाऊबाई नाशिकला, त्यांना यंदा येता आलं नाही, म्हणून म्हटलं त्यांना सगळा सोहळा दाखवावा. मी फोन गच्चीच्या कठड्याला टेकवून व्हिडिओ लावला आणि सासूबाईंच्या शेजारी थापायला बसले.

पहाटे सुरू केलेलं काम दहाच्या पुढे गेलं. काठाकडचे बिबडे सुटायला लागले, चुलतसासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. फोनकडे पाहिलं तर स्क्रीन मंद झालेली. थोड्या वेळाने काळी, आणि त्यावर लाल खुणेचा थर्मामीटर. वापरण्याआधी आयफोन थंड व्हायला हवा, असं इंग्रजीत लिहिलेलं. सत्तरी ओलांडलेल्या तीन बायका उन्हात बसून बिबडे थापताहेत आणि एवढासा फोन म्हणतो, मला ऊन सोसत नाही.

मग उपचार सुरू झाले. पुतण्या म्हणाला, फ्रीजरमध्ये टाकू. तेवढं मी होऊ दिलं नाही, एकदम गार केला तर आत बाष्प धरतं. सासूबाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळायला घेतला, तोही वाचवला. शेवटी माठाखालच्या तिवईशेजारी, कोरड्या पंच्यावर, त्याची सोय झाली. आप्पा, म्हणजे माझे सासरे, शेतातून आले आणि बघून म्हणाले, “उन्हाळ्यात आपन केयीच्या घडाले पान झाकतो ना, तसं काही झाक त्याले. न्हाई तं बागात नेऊन ठेव. तिथी गार असते.” यात काही खोटं नव्हतं. दुपारी तीन वाजता अख्ख्या गावात आप्पांच्या केळीच्या बागेइतकी थंड जागा नाही. पुढचे चार दिवस मला फोन करायचा असला की मी बागेत जायची. चार्जिंगही मध्येच थांबायचं, थंड झाल्यावर सुरू होईल असा निरोप देऊन. आणि चार्जरची तार याची एकट्याचीच. सी टाइपचं तोंड आयफोनला २०२३ मध्ये, पंधराव्या अवतारात मिळालं. घरात बाकी सगळ्यांचे फोन एकमेकांच्या तारा उसन्या घेतात आणि हा एका कोपऱ्यात आपली वेगळी पांढरी तार सांभाळून बसतो.

या फोनची किंमत घरात पहिल्यांदा कोणाला कळली असेल तर ती आप्पांना.

आमच्या भागात केळीचा व्यवहार बराचसा फोनवरच ठरतो. बऱ्हाणपूरच्या केळी बाजारात भाव काय निघाला ते बघायचं, व्यापाऱ्याशी बोलायचं, कटाईचा दिवस धरायचा. सकाळी फोनवर एक भाव असतो आणि घड कापून झाल्यावर संध्याकाळी व्यापाऱ्याला दुसराच आठवतो. म्हणून आप्पांच्या जुन्या फोनमध्ये पुतण्याने सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड करून ठेवले होते. कोणाला काही कळत नाही. त्या दिवशी नेमका तो फोन बंद पडला, पिलबागेची, म्हणजे जुन्या झाडांच्या पिलांवर धरलेल्या बागेची, कटाई दोन दिवसांवर, म्हणून आप्पांनी बागेत माझा घेतला. कॉल रेकॉर्ड करायची सोय आता आयफोनमध्येही आली आहे. पुतण्याने कोपऱ्यातलं बटण दाबून दिलं. पण हा फोन चोरून काही करत नाही. हा कॉल रेकॉर्ड होणार आहे, असं एक बाई खणखणीत इंग्रजीत दोन्ही बाजूंना सांगते, आणि मगच काम सुरू होतं.

पलीकडे एकदम शांतता. मग व्यापारी म्हणाला, “आप्पा, ही कोन बाई बोलली?”

“मालूम न्हाई बापा,” आप्पा म्हणाले. “वरूनच बोलते ते.”

“वरून म्हंजे कुठून?”

“मले काय मालूम? सूनबाईचा फोन आहे.”

सूनबाई बँकेत की कलेक्टर ऑफिसात, याचा पलीकडे काय हिशेब झाला असेल तो असो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. पण त्यानंतर व्यापारी जे बोलला ते इतक्या शुद्ध मराठीत, की मी फळ्यावर लिहून द्यावं. बऱ्हाणपूरचा जो भाव निघेल तो देऊ, वजनात कापाकापी होणार नाही, पैसे आठ दिवसांच्या आत. शेवटी त्याने आप्पांना नमस्कारही केला. आप्पांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे आदराने पाहिलं.

मी जळगावला निघाले तेव्हा बॅग भरताना फोन सापडेना. आप्पा ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या बंडीच्या खिशातून पांढरी कड डोकावत होती.

“कटाई होऊ दे,” ते म्हणाले. “मंग नेजो. तोवर तू आपला जुना वापर.”

मी सिम काढून घ्यायला कानातली रिंग काढली, तर त्यांनी खिशावर हात ठेवला. “बाईले त्याच्याशिवाय बोलता येईन का?”

मी म्हटलं, नाही येणार.

“मंग राहू दे. आन् त्याची ते पांढरी तारबी ठेवून जाय. आपल्या घरातली एकबी त्याले लागत न्हाई.”