'१८५३ची सिग्नल केबिन': त्या फॉरवर्डमधल्या तीन चुका

ठाण्यातल्या ग्रुपांवर एका दुमजली सिग्नल केबिनचा फोटो फिरतो आहे. सोबतचा मजकूर म्हणतो: १८५३ साली ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीला याच केबिनमधून सिग्नल मिळाला; वरचा काचेचा मजला साहेबांना वारा खायला बांधला; आणि केबिनमन मनाला येईल तो लिव्हर ओढायचा, म्हणून तेव्हा गाड्या रामभरोसे चालत.

आधी साल. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन गाडी ठाण्यात आली, एवढे खरे. पण सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ) आणि सिग्नल एकमेकांशी जखडणारी यंत्रणा, म्हणजे इंटरलॉकिंग, इंग्लंडच्या जॉन सॅक्स्बीने पेटंट केली १८५६ साली. फोटोतली लिव्हरच्या रांगेची केबिन त्यानंतरचीच असणार.

साहेबांच्या वाऱ्याचे म्हणणे मला जास्त खटकते, कारण त्यात त्या वास्तूचे सगळे शहाणपण पुसले जाते. मजला उंच, कारण केबिनमनला उभ्या डब्यांवरून पलीकडचे रूळ दिसले पाहिजेत. तीन बाजूंना काचा, कारण गाडी गेली की तिच्या शेवटच्या डब्यावरची खूण किंवा दिवा बघावाच लागतो. ती दिसली नाही, तर गाडी तुटून काही डबे मागे राहिले असतील आणि दुसरी गाडी सोडता येणार नाही. रुंद वळचण ऊन आणि पाऊस काचांपासून दूर ठेवते. तळमजल्याच्या भिंतीत जमिनीलगत ठेवलेल्या फटी हवेसाठी नाहीत. तिथून सांध्यांकडे लोखंडी दांडे आणि सिग्नलांकडे तारा जातात. इतक्या कमी जागेत इतके काम करणारी इमारत रेल्वेत दुसरी नसेल.

आता लिव्हर. तळमजल्यावर खाचा असलेल्या पट्ट्यांची जाळी असते. सांधा योग्य बाजूला वळवून कुलूपबंद केल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर जागचा हलत नाही, आणि एक सिग्नल दिला की त्याला छेदणाऱ्या मार्गांचे सगळे लिव्हर अडकतात. लाल लिव्हर सिग्नलचा, काळा सांध्याचा, निळा सांध्याच्या कुलपाचा, पांढरा रिकामा. मनाला येईल तसे ओढायला वावच नाही. माणूस चुकायचा तो विसरण्यात: रुळावर गाडी उभी आहे हे ध्यानातून जायचे. त्यावर उपाय म्हणून लिव्हरला अडकवून तो ओढण्यापासून रोखणारी लोखंडी कडी आली. १२ जून १८८९ला आयर्लंडमध्ये आर्माजवळ रेल्वे अपघातात ८० माणसे दगावली आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी मार्गांवर इंटरलॉकिंग सक्तीचे करणारा कायदा केला. रामभरोसे कारभार संपवायलाच ही केबिन जन्मली.

फोटो पाठवायचा तर जरूर पाठवा, पण त्यातून १८५३ काढा. आणि कुठे अशी केबिन जतन करायची बोलणी चालू असतील, तर रंगवलेल्या भिंतींवर समाधान मानू नका. तळमजल्यावरची ती जाळी तिथेच ठेवायला सांगा.